‘कवीने छान वर्णन केले आहे’च्या पुढे पोरांना न्यायचं कसं?

पत्र थोडक्यात असं: ठाण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. वर्गात साठच्या वर मुलं. कवितेवर लिहायला सांगितलं की अर्धी मुलं कवितेचा अर्थच पुन्हा गद्यात लिहून देतात आणि उरलेली ‘कवीने निसर्गाचे सुंदर व मनोहारी वर्णन केले आहे’ असं लिहून मोकळी होतात. म्हणून यंदा ताईंनी फळ्यावर एक साचा दिला, ‘या ओळीतून कवीला अमुक सुचवायचे आहे, कारण तमुक’. घटक चाचणीत साचा सगळ्यांनी वापरला, आणि उत्तरं अशी आली की ‘या ओळीतून कवीला निसर्गाचे सौंदर्य सुचवायचे आहे, कारण निसर्ग सुंदर असतो’. पालकसभेत एका वडिलांनी सुनावलं की गाईडमधलं पाठ केलं तर मार्क मिळतात, तुम्ही मुलांना उगाच कन्फ्यूज करताय. स्टाफरूममधलं मत असं की हे शिकवून येत नाही, ज्याला येतं त्याला येतं. ताई विचारतात, साचा सोडून द्यावा का, की सरळ गाईडवर यावं? आणि जाता जाता लिहितात, पुस्तकाबाहेरची म्हणून बालकवींची ‘औदुंबर’ घेतली होती, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा मध्येच म्हणाला, ‘मॅडम, सगळं चालतंय, झाडच तेवढं बसलंय’, वर्ग हसला, तास पुढे गेला, आणि पेपरात त्याच मुलाने ‘मनोहारी चित्र रेखाटले आहे’ लिहिलं.

ताई,

तुमचा प्रश्न साच्याबद्दल आहे, पण मी अडकले ते त्या मागच्या बाकावरच्या मुलापाशी. तुम्ही ते गंमत म्हणून लिहिलंय, पण विश्लेषण म्हणतात ते हेच हो. बघा ना, त्या आठ ओळींत झरा ‘वाहतो’, पायवाट ‘अडवीतिडवी पडे’ आणि मग ‘चालली’, काळिमा लाटांवर ‘पसरी’, आणि शेवटच्या ओळीत एकटा औदुंबर ‘बसला’. त्या पोराने कवितेतली क्रियापदं पकडली, शेजारी शेजारी ठेवली आणि त्यातलं वेगळं कोणतं ते ओळखलं, आणि हे सगळं ‘क्रियापद’ हा शब्द मनात न आणता. मग हाच मुलगा पेपरात ‘मनोहारी’ का लिहितो? विचार त्याच्याकडे आहे, तो तोंडापासून वहीपर्यंत येताना गळतोय.

म्हणून पहिल्यांदा मला तुमच्या पत्रातलं हे गृहीतच बाजूला काढायचंय की मुलांना विश्लेषण जमत नाही. अहो ती दिवसभर तेच करतात. सीरियलमधली जाऊ आज एवढी गोड का बोलतेय, म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय, हे त्यांना एका वाक्यात कळतं. दहीहंडीला कुठल्या पथकाचा आठवा थर का कोसळला यावर ती तासभर पुराव्यानिशी भांडतात, खालचा थर कसा हलला, कोण कधी घाईत चढला, सगळं. दावा, पुरावा आणि त्यातून काढलेला अर्थ, तिन्ही आहेत की. फक्त ‘उत्तर लिहा’ म्हटलं की त्यांच्या डोक्यातला आवाज बदलतो आणि ती सत्कार समारंभाची भाषा बोलायला लागतात.

यात आपलाही हात आहेच. रसग्रहणाला आपण मुद्दे देतो आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये, आणि मुलाच्या डोक्यात बसतं की आपलं काम आता कौतुक करायचं. कवीला चांगलं म्हणायचं, किती चांगलं ते वेगवेगळ्या विशेषणांनी सांगायचं, चार मार्क. कवितेत नेमकं काय चाललंय आणि ते कुठल्या शब्दांमुळे तसं वाटतंय, एवढं सांगितलं तरी ते रसग्रहण असतं, हे त्याला कोणी स्पष्ट सांगितलेलंच नसतं.

आणि हे फक्त आपल्याकडच्या पोरांचं नाही बरं का. १९२० च्या दशकात केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स नावाच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाटल्या आणि काय वाटतं ते लिहून मागितलं, १९२९ साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. त्यात दिसलं की तिथली निवडक, इंग्रजीच शिकणारी मुलंसुद्धा समोरची ओळ नीट न वाचता आधीपासून तयार असलेल्या ठरावीक प्रतिक्रिया चिकटवत होती, काहींना तर साधा अर्थही लागला नव्हता. तेव्हा तुमच्या नववीतल्या मुलांवर फार चिडू नका.

आता साचा. तो वाईट नाही आणि सोडूनही देऊ नका. साच्याने विचार मरतो हे मला पटत नाही, अभंगाचाही साचा असतो, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा, आणि तुकोबांना त्यात अडचण झाल्याचं दिसत नाही. तुमच्याकडे गडबड झाली ती क्रमाची. मुलाच्या हातात सांगण्यासारखं काही नसताना त्याला वाक्याचा सांगाडा मिळाला, मग त्याने रिकाम्या जागा भरल्या, गाळलेल्या जागा भरा हा प्रश्न सोडवतात तशाच. ‘निसर्ग सुंदर असतो’ हे उत्तर साच्याने नाही दिलं, साच्याच्या आधी वर्गात काहीच भांडण झालं नव्हतं त्याने दिलं.

तर आधी भांडण लावा. कवितेवर असा एक प्रश्न टाका ज्याला वर्गातून दोन उत्तरं येतील. ‘कवीला काय म्हणायचंय?’ हा प्रश्न नको, त्याला मुलं मॅडमना काय ऐकायचंय ते शोधतात. ‘औदुंबर’लाच विचारा, या कवितेत माणूस आहे का? अर्धी म्हणतील आहे, चार घरांचं गाव आहे म्हणजे माणसं असणारच. अर्धी म्हणतील नाही, एकही दिसत नाही. मग सांगा, ओळ दाखवा, ओळीशिवाय बोलायचं नाही. आणि मग हळूहळू काय निघतं बघा, गर्दी आहे पण ती शेतमळ्यांची, चालतेय पण पायवाट, पाय टाकून बसलंय पण झाड. माणसाची सगळी कामं दुसरंच कोणीतरी करतंय! हे वर्गात मुलांच्या तोंडून निघालं तर त्या तासाचे पैसे वसूल.

मागच्या बाकावरच्या त्या वाक्यालाही आता परत वर्गात आणा, त्याच्याच नावावर, आणि बाकीच्यांना म्हणा चूक काढा. कोणीतरी नक्की म्हणेल की गाव कुठे चालतंय, गावपण एका जागी आहे. बरोबर. मग ती ओळ वाचायला लावा, ‘चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे’, आणि विचारा यात क्रियापद कुठाय? नाहीचे. म्हणजे मूळ वाक्य थोडं दुरुस्त करावं लागतं, ‘सगळं चालतंय’ हे जास्त झालं, ‘कवितेत बहुतेक गोष्टी वाहतात, चालतात, पसरतात, बसल्याचं क्रियापद मात्र फक्त औदुंबराला दिलंय’. आता हे वाक्य वहीत उतरवायला सांगा. बोलण्यातलं वाक्य, त्यावर हरकत, हरकतीमुळे नेमकं झालेलं वाक्य. साचा द्यायचाच तर आत्ता द्या, आता त्यात भरायला माल आहे.

वाक्य कसं वाढत जातं हे एकदा फळ्यावर डोळ्यासमोर दाखवाच, मुलांना तयार उत्तर सतत दिसतं पण ते तयार होताना कधी दिसत नाही. रंग घ्या. सुरुवात मुद्दाम नेहमीच्या वाक्याने करा, ‘कवीने निसर्गातील रंगांचे सुंदर वर्णन केले आहे’. मग विचारा कुठले रंग, आणि ओळीवारी यादी करा, हिरवाळी, निळासावळा झरा, हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, हिरवी कुरणं, काळा डोह, आणि मग काळिमा. आता यादीकडे बघून कोणाला काय दिसतं? सुरुवात हिरव्याने होते आणि शेवटाकडे काळं येतं. हे झालं निरीक्षण. मग विचारा बदल नेमका कुठे होतो, तर सहाव्या ओळीत, ‘हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे’, एकाच ओळीत दोन्ही रंग आणि दोन्हींच्या मध्ये चालणारी वाट. आणि मग शेवटचा प्रश्न, बरं मग? त्याने तुम्हाला काय वाटतं? एखादी मुलगी म्हणेल भीती वाटते. दुसरा म्हणेल भीती कशाला, कवीने ‘गोड काळिमा’ म्हटलंय, काळं आहे पण गोड आहे. आता लिहा, ‘कवितेतली पायवाट हिरव्यातून काळ्याकडे जाते, त्यामुळे सुरुवातीचं प्रसन्न वातावरण शेवटी गंभीर होतं, पण कवी त्या काळिम्याला गोड म्हणतो म्हणून ते गंभीर असूनही भीतिदायक वाटत नाही’. हे वाक्य नववीतल्या मुलाला जमतं. पहिल्या दिवशी नाही जमणार, पण जमतं.

यात दोन कसोट्या लपल्यात, त्या मुलांना खेळासारख्या द्या. एक म्हणजे, या वाक्याला कोणी ‘नाही’ म्हणू शकतं का? ‘कवीने सुंदर वर्णन केले आहे’ याला कोणीच नाही म्हणणार नाही, म्हणून ते फुकट. ‘शेवट भीतिदायक वाटत नाही’ याला नाही म्हणता येतं, म्हणून त्याला पुरावा द्यावा लागतो, आणि पुरावा द्यावा लागतो म्हणूनच ते वाक्य वाढतं. दुसरी कसोटी मला जास्त आवडते: तुमचं वाक्य उचलून दुसऱ्या कवितेवर चिकटवा, जसंच्या तसं चिकटलं तर खोडा. ‘ओघवती भाषा, अचूक शब्दयोजना, वाचक मंत्रमुग्ध होतो’ हे पावसाच्या कवितेला चिकटतं, आईच्या कवितेला चिकटतं, देशभक्तीच्याही. मुलांना हे चिकटवाचिकटवी प्रकरण भयंकर आवडतं, विशेषतः दुसऱ्याच्या वहीवर करायला.

काही शिक्षक ‘सुंदर, छान, अप्रतिम’ या शब्दांवर बंदीच घालतात. माझा त्यावर फार विश्वास नाही, आठवडाभर बरं वाटतं आणि मग ‘विलोभनीय’ यायला लागतं.

अलंकारांचं वेगळं सांगते कारण तिथे आपण स्वतःच फसतो. ‘पाय टाकुनी जळात बसला’ इथे चेतनगुणोक्ती आहे, म्हणजे माणसाचं वागणं माणूस नसलेल्या गोष्टीला दिलंय, हे मुलगा लिहितो, आपण बरोबरची खूण करतो, दोघं खूश. पण ती नुसती ओळख झाली, अमुक माणसाचं आडनाव सांगितल्यासारखी. त्याच्यापुढे एक ‘मग?’ लिहा. मग माणूस कवितेत दिसत नाही पण त्याचं चालणं वाटेला आणि बसणं झाडाला दिलंय, त्यामुळे जागा निर्मनुष्य असूनही ओसाड वाटत नाही. चेतनगुणोक्तीचं नाव या वाक्यात घातलं तर उत्तम, नाही घातलं तरी वाक्य उभं राहतं. उलटं होत नाही, नुसतं नाव उभं राहत नाही.

आता वाक्यरचना, कारण विचार आला तरी तो एका वाक्यात बांधायचा कसा हे खरंच शिकवावं लागतं, तुमच्या स्टाफरूमच्या मताशी मी इथे अजिबात सहमत नाही. अमेरिकेतल्या ज्युडिथ हॉकमन या बाईंनी प्रसिद्ध केलेला एक साधा व्यायाम आहे, एकच वाक्य घ्यायचं आणि ते तीन वेळा पूर्ण करायचं, एकदा ‘कारण’ने, एकदा ‘पण’ने, एकदा ‘म्हणून’ने. आपल्या भाषेत तो मस्त चालतो. आधी कवितेवर नकोच, रोजच्या गोष्टीवर करा. ‘तलावपाळीवर संध्याकाळी गर्दी असते’, कारण जवळपास बसायला दुसरी मोकळी जागा नाही. पण त्या गर्दीतही एखादा आजोबा एकटाच पाण्याकडे बघत बसलेला असतो. म्हणून पार्किंग मिळत नाही. मुलं हसतात, हात सुटतो. मग कवितेवर या, ‘औदुंबर पाण्यात पाय टाकून बसलाय’. कारणला कदाचित येईल, ‘कारण त्याला वाटेसारखं कुठे पोचायचं नाहीये’. पणला, ‘पण ते पाणी उजळ नाही, त्यावर काळिमा पसरलाय’. म्हणूनला, ‘म्हणून तो झाडापेक्षा विचारात बुडालेल्या माणसासारखा वाटतो’. तिन्हींत ‘पण’वर जास्त वेळ घालवा. ‘कारण’मध्ये मुलं काहीही ठोकून देतात, निसर्ग सुंदर असतो वगैरे, ‘पण’ मात्र त्यांना पुन्हा ओळीकडे बघायला लावतं.

यासोबत थोडी क्रियापदं द्या, कारण मुलांकडे कवीसाठी दोनच असतात, ‘सांगतो’ आणि ‘वर्णन करतो’. सुचवतो, लपवतो, ठसवतो, टाळतो, उलटवतो, पुन्हापुन्हा आणतो, अर्धवट सोडतो. ‘कवी माणूस टाळतो’ असं एकदा लिहिलं की पुढचं वाक्य आपोआप ‘का’कडे जातं.

आणि एक, बोलीचं. तुमच्या वर्गात घरी आगरी बोलणारी, मालवणी बोलणारी, अहिराणी बोलणारी आणि बिल्डिंगमध्ये दिवसभर हिंदी बोलणारी मुलं असणार, ठाण्यात दुसरं काय असणार. पहिलं वाक्य ज्या भाषेत सुचतं त्या भाषेत लिहू द्या. पानाच्या डाव्या बाजूला तोंडातलं वाक्य, उजवीकडे पेपरातलं. ‘झाडच तेवढं बसलंय’चं ‘स्थिर बसल्याचे क्रियापद केवळ औदुंबरासाठी येते’ करणं हे काम वेगळं आहे आणि ते दुसऱ्या दिवशीही होतं. दोन्ही एकदम मागितलं की मूल विचार सोडतं आणि भाषा सांभाळतं, तिथूनच तो ‘मनोहारी’ येतो.

साठ वह्या कशा तपासायच्या, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीये पण मला माहितीये की तो आहे. तपासू नका. अख्खी उत्तरं मागूच नका, एकच वाक्य मागा. वहीचं अर्धं पान, एक वाक्य, तास संपताना गोळा. घरी नेऊन त्यातली चार-पाच निवडा, दोन चांगली, दोन अर्धवट, नाव न घालता फळ्यावर लिहा आणि वर्गाला दुरुस्त करू द्या. बाकीच्या वह्यांवर फक्त एक शब्द, ‘ओळ?’ किंवा ‘मग?’. एवढ्याने भागतं. परिच्छेद नंतर, तीन बरी वाक्यं जमली की परिच्छेद वेगळा शिकवावा लागत नाही फारसा.

राहिले ते वडील आणि गाईड. मला त्यांचा राग येत नाही, दहावीच्या मार्कांवर पोराची अकरावीची अॅडमिशन ठरते आणि त्यांना जोखीम नकोय. पण विश्लेषण शिकवलं की मार्क जातात, हे त्यांनी धरून चाललंय आणि बहुतेक तुम्हीही थोडंसं. तेच आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे मुद्दे ठेवा, परीक्षकाला जे शोधायचंय ते जागच्या जागी दिसू द्या, फक्त प्रत्येक मुद्द्याखाली एक तरी वाक्य असं हवं ज्यात कवितेतला शब्द अवतरणात आहे आणि त्या शब्दाने काय होतं ते सांगितलंय. याने मार्क कशाला जातील? शिवाय रसग्रहणाच्या ओळी पाठ केलेल्यातल्याच येतील याचा भरवसा नसतो, तेव्हा पाठांतर अडकतं आणि रंगांची यादी करायची सवय अडकत नाही. पालकांना हे असंच सांगा, शिक्षणशास्त्राची भाषा नको, मुलाचं आधीचं वाक्य आणि आत्ताचं वाक्य शेजारी ठेवून दाखवा.

गाईडलाही वर्गाबाहेर हाकलू नका. उलट त्यातला एक परिच्छेद वाचा आणि मुलांना चिकटवायची कसोटी लावायला सांगा. दहा वाक्यांतली किती चिकटतात ते मोजू दे त्यांनाच. आणि जी दोन-तीन चिकटत नाहीत, ती खरंच चांगली असतात कधी कधी, ती ठेवा.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगते, यंदाच्या दहावीवर आता हा सगळा प्रयोग करू नका. पूर्वपरीक्षा जवळ आली की मुलांना ओळखीचं काहीतरी हातात हवं असतं. त्यांना फक्त ‘कवितेतला एक शब्द अवतरणात आणि त्यापुढे मग?’ एवढंच द्या. खरं काम नववीत, जूनपासून, आठवड्यातला एक तास. जमलं तर आठवीच्या ताईंनाही पटवा, म्हणजे नववीत तुम्हाला भांडण लावण्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

हे सदर वाचणाऱ्या पालकांसाठीही, विशेषतः वाशी-खारघरकडून ज्यांचे मेसेज येतात की मुलगी आयसीएसईला आहे आणि शेक्सपिअरच्या नाटकावरच्या उत्तरात नुसती गोष्ट लिहून येते. घरी वेगळा क्लास नकोय. तिला विचारा, हे पात्र इथे खोटं बोलतंय का, आणि तुला कशावरून वाटतं. ती सांगेल त्यावर तुम्ही मुद्दाम उलट बोला. ती चिडून पुस्तक उघडून ओळ दाखवेल, ती ओळ आणि तिने चिडून काय म्हटलं ते दोन्ही तिलाच लिहायला सांगा. इंग्रजी तुमचं कच्चं असलं तरी हे जमतं, भांडण मराठीतून केलं तरी चालतं.

ताई, तुम्हाला स्वतःला बालकवींवर आणखी वाचायचं असेल तर ठाण्यातच मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ पासूनचं, तिथे जुन्या समीक्षेची पुस्तकं चाळा. या औदुंबराचे जाणत्यांनी इतके वेगवेगळे अर्थ लावलेत की वाचून तुमचा जीव हलका होईल. पण ते मुलांना आधी सांगू नका, समीक्षकाचं नाव ऐकलं की ती पेन खाली ठेवतात आणि ‘मॅडम, हे लिहून घ्यायचं का’ विचारतात. त्यांची वाक्यं होऊ द्या, मग एका समीक्षकाचं मत फळ्यावर लिहा आणि त्यालाही ‘ओळ?’ विचारू द्या.